शंखातला खेकडा

तीर्थरूप आईस,
हर्षदाचा नमस्कार. कळण्याच्या भाकरीचं पीठ पोचलं. माझा खोकला कमी आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

काल नवागामच्या शाळेतल्या माझ्या तिसरीच्या मुलांना डुमसच्या किनाऱ्यावर नेलं. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. ओहोटीच्या चिखलात शंखात राहणारा खेकडा सापडला. "बाई, डब्यात घालून शाळेत नेऊ," सगळे म्हणाले.

तेवढ्यात चंचल पुढे आली. तिच्या वडिलांनी कामापायी वर्षात तीन खोल्या बदलल्या. जूनपासून ती वर्गात बोललीच नव्हती.

"नको बाई. त्याला इथंच राहू द्या," ती म्हणाली.

खेकडा तिनंच पाण्यात सोडला. परतताना बसमध्ये माझ्या शेजारी बसून घरापर्यंत बोलत होती.

आई, मी इथं बरी आहे.

तुझी,
हर्षदा