हळदीच्या गाण्यातलं नाव

६ फेब्रुवारी, गुरुवार
गुरुवारची कंपन्यांना सुट्टी. सूनबाई घरात, सकाळपासून फोन घेऊन माझ्या मागं. 'आई, तुमचं हळदीचं गाणं लई लोक ऐकायलेत.' आकडा सांगत होती. म्हटलं आकडा नको, कोण ऐकतंय ते सांग. ते तिला सांगता येईना. पल्लवी परभणीकडची, चाकणला कंपनीत, क्वालिटीत हाय. गोड बोलती, पण भाकरी थापताना फोन बघती.

गाणं रंजनाच्या घरी म्हटलेलं. गेल्या रविवारी तिच्या पोरीची, प्रियंकाची हळद कुटली तेव्हा पल्लवीनं फोन धरला होता, मग नेटवर चढवलं. मी पुढं म्हणते, रंजना मागून ओळ ओढती. बावीस वर्षं आमचं असंच, चिखलीत कुणाकडंबी हळद असो. गाणं माझं. उखळापाशीच जुळवलेलं.

मुसळाला बांधला आंब्याचा पाला
प्रियंकाबाईचा अक्षयराव आला

लग्न सोळाला. साडीला पिको राहिलाय.

८ फेब्रु.
चिंचवडच्या स्टुडिओवाल्याचा फोन. मावशी, गाणं झकास हाय, फक्त नावं काढा, कॉमन ठेवा, म्हंजे कुणाच्याबी लग्नात चालंल. खाली ढोल टाकतो म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या लग्नाची पत्रिका बिननावाची छापली होती का? हसला. मी न्हाई हसले.

हळदीत नाव घेतलं की पोरगी मान खाली घालती. तेवढ्यासाठी तर गाणं. ढोल कशाला.

११ फेब्रु.
प्रियंकाचं मोडलं.
मुलाकडनं निरोप, जमणार न्हाई. कारण विचारलं तर तेच, जमणार न्हाई. हॉल ठरलेला, मुंडावळ्या आणलेल्या.
गेले होते. रंजना गव्हाचं पीठ चाळत बसलेली. चाळलेलंच परत चाळत होती. मी चाळण धरली दुसऱ्या बाजूनं.

१३, गुरुवार
रंजना आली. चप्पल न काढता दारात उभी. मोशीला तिच्या जावेच्या नात्यात हळद होती, तिथं डीजेवाल्यानं आमचं गाणं लावलं. दोनशे माणसांत, 'प्रियंकाबाईचा अक्षयराव आला.' जावेनं तिथनंच फोन करून ऐकवलं म्हणे, बघ तुझा आवाज.

'माझाच आवाज, शकू. मीच ओढतीय, आला गं आला, आला गं आला.'
म्हटलं आत ये.
'काढ ते. आधी काढ.'

पल्लवीनं लगेच काढलं. पण ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्या फोनात हायच. ते कसं काढायचं म्हटलं तर म्हणती, नाही काढता येत आई. माझ्यावरच खेकसल्यासारखं म्हणाली. तिलाबी वाईट वाटलंय, तिनंच चढवलेलं ना. चहा केला, तिला आधी दिला.

गाणं असं हातातनं जातं हे मला ठावं नव्हतं. पूर्वी गाणं म्हटलं, हळद संपली, नाव तिथंच राहायचं. दुसऱ्या घरी दुसरं नाव.

१६ फेब्रु.
आज लग्न असतं.
साडी घडी करून ठेवली. ह्यांनी विचारलं, जेवायला काय? म्हटलं, जे हाय ते.

१८
स्टुडिओत गेले. म्हटलं करा बिननावाचं. ते गेलेलं गाणं तरी मागं पडंल, लोक नवीन लावतील. कानावर ते टोपडं घातलं, काचेच्या खोलीत उभं केलं. उखळ न्हाई, बाया न्हाई, हळदीचा वास न्हाई.

'नवरीबाईचा नवरदेव आला.'

पाच वेळा म्हणवून घेतलं. तो म्हणतो मस्त. मला वाटलं रेल्वे टेशनावर गाडी आल्याचं सांगतीय. कुठली नवरी, कुठला नवरदेव. म्हटलं राहू द्या, नका चढवू हे. त्याचं तोंड उतरलं. बसनं घरी आले.

२० फेब्रु., गुरुवार
प्रियंका आली. पहिल्यांदाच घराबाहेर पडली असंल. सुकलीय. पल्लवीशी आत बोलत बसली, मी मेथी निवडत होते. मग बाहेर येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली, दोन काड्या निवडल्या.

'मावशी, गाणं का काढलं?'
म्हटलं तुझ्या आईनं सांगितलं.
'मला कुणी विचारलं का?'
मी पुढची जुडी सोडली.
'माझं नाव चांगलं बसलं होतं त्यात. तेवढं राहू द्या. त्याचं काढा.'

पल्लवी आतनं हसली फस्सकन. मग आम्ही तिघीबी. पोरगी हसता हसता डोळे पुसत होती, पण हसतच होती. जाताना म्हणाली, मी काय केलंय म्हणून माझं नाव पुसायचं? आणि मेथीची जुडी घेऊन गेली, हे आईला नका सांगू म्हणत.

खरं हाय पोरीचं. पण रंजनाचंबी खोटं न्हाई. लोक तिला विचारणार, तिलाच ऐकावं लागणार.

२३
जुळंना. त्याचं नाव काढलं की ओळ लंगडती. 'प्रियंकाबाईचा... आला.' काय आला? भाऊ आला? भाऊ हाय कुठं तिला. पल्लवी म्हणती, 'प्रियंकाबाईचा पगार आला' म्हणा, ती जाती ना कामाला. कारटी.
चटणी कुटायला घेतली मुद्दाम. हात चालला की जुळतं माझं. आज न्हाई जुळलं. चटणी फार बारीक झाली.

२५ फेब्रु.
जुळलं. पाणी भरताना.

मुसळाला बांधला आंब्याचा पाला
रंजनाच्या प्रियंकाला रंग आला

बादली भरून वाहायला लागली तरी मी म्हणतेच. हे मोरीत येऊन नळ बंद करून गेले, काय बोलले न्हाईत. पस्तीस वर्षांत शिकलेत.

२७, गुरुवार
पल्लवीची सुट्टी. स्वैपाकघरात उखळ घेतलं, ओट्यावर माझा फोन उभा केला डब्याला टेकून. फ्रीज बंद केला, तो घरघरतो. शेजारचं वर्कशॉपबी आज बंद, म्हणून बरं. एकदाच म्हटलं. पल्लवी म्हणाली अजून एकदा घेऊ, मधे कुकरचं झाकण पडल्याचा आवाज आलाय. म्हटलं पडू दे, घर हाय.
नवं गाणं माझ्या फोनात. मागून ओढायला कुणी न्हाई, तेवढं उघडं वाटतं.
पल्लवी: 'चढवू का?'
म्हटलं थांब. त्यात रंजनाचं नाव हाय. आधी तिनं ऐकायचं. एकदा न विचारता झालं, बास.

२ मार्च
गेले रंजनाकडं. प्रियंका कामाला गेलेली. बोलण्यात येळ घालवला न्हाई, फोन काढला, लावलं.
ऐकताना भिंतीकडं बघत होती. तिचं नाव आलं तशी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. संपलं.
'परत लाव.'
लावलं.
'झाकण कुणाचं पडलं?'
म्हटलं कुकरचं.
'दुसरी ओळ कोण ओढणार? एकटीच बोंबलतीस.'
म्हटलं, तू न्हाई तर एकटीच ना.
उठून आत गेली. भांड्यांचा आवाज. बाहेर आली तर हातात चहा, साखर घालायची विसरलेली. दोघींनी तसाच प्याला. व्हय म्हणाली न्हाई. न्हाईबी म्हणाली न्हाई. 'अजून एकदा लाव' म्हणून फोन स्वतःच्या मांडीवर घेतला.
मी उठले. फोन तिथंच राहिला. राहिला म्हंजे मी मागितला न्हाई.

पल्लवी सेकंड शिफ्टला निघताना विचारत होती, काय म्हणाल्या रंजनाकाकू, चढवू का गाणं?
म्हटलं, फोन कुठाय माझ्याकडं.