बाळंतिणीसाठी शेपू

१० फेब्रुवारी, सकाळी ७
अपूर्वा पाडव्यानंतर सांगलीहून बाळंतपणाला मलकापूरला येणार. लेकीला शेपू, मेथी, शतावरी सगळं घरचं द्यायचं ठरवलं. गच्चीवर बारा कुंड्या. सुहासिनी म्हणाली, मंडईत मिळतं की सगळं. तिला दूरदृष्टी नाही. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. पाणी मला कळतं.

१४ फेब्रुवारी
बी पेरलं. कंबर धरली. उद्यापासून रोज सहाला गच्चीवर.

१५ फेब्रुवारी, सकाळी ९
आजचा दिवस धरायचा नाही. कंबर.

२६ फेब्रुवारी
मेथी उगवली! शेपूचे चार केस दिसतात. अपूर्वाला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. भारावली असावी.

४ मार्च
शतावरीचं रोप लावलं. आमच्या धुणंभांडीवाल्या राहीबाई म्हणाल्या, "आवं अण्णा, हिची मुळी काढाय दीड वरीस लागतंय. तवर बाळ पळाय लागंल की!" राहीबाई माण तालुक्यातल्या. तिकडे पाऊसच नाही, बागेतलं काय कळणार? तरी कुंडी कोपऱ्यात सरकवली. पुन्हा कंबर.

१२ मार्च
मेथी पिवळी. खत दुप्पट दिलं.

१५ मार्च
मेथी गेली. शेपूवर लक्ष केंद्रित करता येईल. झालं ते एका अर्थी बरंच.

२१ मार्च
उद्या खात्यातल्या जुन्या मंडळींबरोबर महाबळेश्वर. माझ्यामागे कुणी पाणी घालायचं नाही, प्रमाण बिघडतं, असं सुहासिनीला बजावलं.

२६ मार्च
गाडी बंद पडल्याने दोन दिवस उशीर. शेपू करपला. सुहासिनीने खरंच थेंबभर पाणी घातलं नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली. पहिल्यांदा माझं ऐकलं.

६ एप्रिल
अपूर्वा आली. तिला जिना चढायला मनाई आहे. गच्ची दाखवायचा प्रश्न मिटला.

१४ एप्रिल
मुलगी झाली. दोघी सुखरूप. आज एवढंच.

१८ एप्रिल
दोघी घरी आल्या. सकाळीच कराडच्या मंडईतून शेपूची जुडी आणली. दोरा सोडून फेकला, मुळांना कुंडीतली माती लावली. सुहासिनीने पाहिलं, भाजी केली. ताट मी स्वतः नेलं. म्हणालो, आपल्या गच्चीवरचा.

अपूर्वा ताटाकडे बघतच राहिली. म्हणाली, "अण्णा, मी शेपू कधी खाल्लाय? मला वासानंच उलटी होते. शाळेत होते तेव्हापासून."

म्हटलं, माहीत आहे गं, गंमत केली. ती हसली नाही. सुहासिनी दुसरं ताट घेऊन आली. त्यात दोडक्याची भाजी. आधीच करून ठेवली होती.

दुपारी वाटलं, तिला काय आवडतं ते तरी विचारावं. दारापर्यंत गेलो. दोघी झोपल्या होत्या.

स्वयंपाकघरात येऊन शेपू मीच संपवला. वास उग्र असतो, खरं म्हणजे.