डावी खिडकी

धारूर, मंगळवार, दिवेलागण

रेल्वेचं छोटं पितळी इंजिन आज पुरं झालं असतं. छतावर विजेच्या तारेला टेकणारा दांडा बसवला, खिडक्यांच्या कडा घासल्या आणि बोटाएवढा पितळी विलास उजव्या खिडकीत डाख देऊन पक्का केला. विलास, माझा पोरगा, असलंच इंजिन चालवायचा. काविळीनं गेला, त्याला वर्ष होत आलं. त्याच्या फोटोपुढं ठेवायला हे चाललंय.

सून चहा घेऊन आली, बघत राहिली. "मामा, हे डावीकडं बसायचे. उजवीकडं असिस्टंट."

"कावून? जीप, ट्रक, सगळ्यांचा डायवर उजवीकडंच की."

"इंजिनात न्हाई, मामा."

कानस हातातच राहिली. तीन वर्षांखाली विलासनं परळीजवळच्या फाटकावर बोलावलं होतं. अण्णा, मालगाडी घेऊन येतो, हात करतो म्हणाला. तासभर उन्हात उभा होतो. गाडी आली, तर माझ्या बाजूच्या उजव्या खिडकीत भलताच माणूस. मला वाटलं, बापाला उन्हात उभं करून हा दुसऱ्याच गाडीवर गेला. चार महिने बोललो न्हाई त्याच्याशी. का, तेही सांगितलं न्हाई. कसला हा ताठा माझा?

आज सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "ते म्हणले होते, अण्णा आलेच न्हाईत. फाटक मागं पडेपर्यंत हात करत होतो."

डाव्या खिडकीतून.

डाख सोडवायला तापवलं तर खिडकीच्या कडाही सुटतील. सुटू देत. उद्या त्याला डावीकडं बसवतो. फाटकाच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, ते आज कळलं मला.