ती कानस कोणाच्या हातची

बाबा, तुमची आठवण आली की मला आधी राग येतो आणि मागून तुम्ही दिसता. पिंपळगाव राजाच्या आपल्या भट्टीपुढे बसलेले, मांडीखाली पोत्याचा तुकडा, समोर शिशाच्या पाटावर आडवी निजवलेली कानस आणि हातात बोटभर छिन्नी. झिजून गुळगुळीत झालेल्या कानशींना पुन्हा दात पाडून देणारा माणूस खामगावपर्यंत दुसरा नाही, असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुमच्याविषयी वाईट शब्द मी कोणाजवळ काढला नाही. आज लिहिते आहे.

नवरा गेला आणि अठराव्या वर्षी मी माहेरी परत आले. आपल्या लोहाराच्या घरात बाईने भाता ओढला, घण मारला, तर कोणी नावं ठेवत नाही. मी दोन्ही केलं. पण छिन्नी बाईच्या हाती द्यायची नाही, हा तुमचा नेम. तुम्ही जेवायला उठलात की मी तुमच्या जागेवर बसून टाकाऊ पट्टीवर दात पाडून बघायची. एक दात पडला की छिन्नी मागे आणून त्याच दाताच्या पाठीला टेकवायची, मग पुढचं अंतर आपोआप मिळतं. हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. भात्याजवळ बसून तीन वर्षं मी तुमच्या मनगटाकडे बघत होते. एकदा तुम्ही जेवण अर्धवट टाकून परत आलात, मी उठायच्या आत पट्टी उचललीत आणि अंगठ्याच्या नखावरून फिरवलीत. दात सारखे पडले होते. ते तुम्हाला नखाला कळलं, मला तुमच्या तोंडावरून कळलं. आणि म्हणालात काय, तर, "पोरी, हे काम बाईमाणसाचं नाई. लोक म्हणतीन, बुढ्याचे हात गेले आन लेक कानशी पाडून राह्यली."

मग बुलढाण्याची मडम आली. मिशनच्या दवाखान्यात काम करणारी गोरी बाई, आपल्यासारखंच मराठी बोलायला धडपडणारी. तिच्याजवळ पेटीत एक गिटार होतं. सतारीसारख्याच तारा, पण अंग बसकं आणि कमरेत दबलेलं. गळ्यावरच्या आडव्या पितळी पडद्यांना तारांनी कापून खाचा पडल्या होत्या, तार दाबली की आवाज चिरकायचा. "सतारीचे पडदे घासतो, मंग याचे काऊन नाई?" म्हणून तुम्ही ते ठेवून घेतलंत. सपाट कानशीने सगळे पडदे एका उंचीला आणलेत. खाचा गेल्या, पण पडद्यांचे माथे चपटे झाले. मडमने येऊन तार छेडली आणि हळूच म्हणाली, "पहिल्यापेक्षा मुकं झालं, बाबा." तुम्ही मान खाली घातलीत. तुमची मान खाली गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि मला वाईट वाटलं. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं मी त्या वाईट वाटण्यापायी केलं.

माथा पुन्हा गोल करायला पोटात खोलगट असलेली कानस लागते. तशी शोधायला तुम्ही खामगावला गेलात, दोन दिवस फिरलात. त्या दोन दिवसांत मी ती केली. मोडक्या कानशींच्या टोपल्यातून एक अरुंद, जाड पाठीची निवडली. दगडावर वाजवून पाहिली. आत तडा असला तर बद्द वाजते, ही खणखणली. लाल करून राखेत पुरली, दुसऱ्या दिवशी काढली तेव्हा पोलाद नरम आलं होतं. पाठीवर बारीक गोल कानशीने लांब पन्हळ पाडली आणि त्या पन्हळीत एकेक दात. दात जळू नयेत म्हणून मीठ-कणकेचा लेप दिला, पुन्हा लाल केली आणि पाण्यात सोडली. कडेचे दात, जे पडद्याशेजारच्या लाकडाला लागले असते, ते दगडावर पार घासून टाकले. मग प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर शाई लावली आणि शाईची केसाएवढी रेघ उरेपर्यंत दोन्ही बाजूंनी घासत गेले. तुम्ही रिकाम्या हाताने परत आलात. गिटार पाहिलंत, कानस पाहिलीत, हातपाय धुतलेत आणि जेवायला बसलात.

पुढच्या मंगळवारी मडम गिटार न्यायला आली, तिने तार छेडली आणि ती लहान पोरीसारखी हसली. "ही कानस कोणी केली?" तिने विचारलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बाबा. पाहून म्हणालात, "माह्या पोरानं."

तुमचं पोर तेव्हा वावरात होतं. भट्टीच्या धगीला कंटाळणारा माझा धाकटा भाऊ. निदान "म्या केली" म्हणाला असतात तर मी ते गिळलं असतं. मडमच्या ओळखीने नागपूरच्या एका वाद्यांच्या कारखान्यात त्याची सोय झाली. वऱ्हाडचे सगळे सरकारी कागद तेव्हा नागपूरला जात, तसा तुमचा मुलगाही गेला. निघताना तो माझ्याजवळ येऊन रडला. "आक्के, मले यातलं काय येते वं?" तुम्ही मागून म्हणालात, "येईन. तोवर इकडून कानशी पाठवत जाऊ."

तोवर म्हणजे सहा वर्षं. त्याची पत्रं शाळेचे मास्तर तुम्हाला वाचून दाखवत, तुम्ही घरी येऊन मला एवढंच सांगायचात, "दोन बारीक, एक जाड." तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होते, छिन्नी आता माझ्याच हातात होती, फक्त भट्टीचं दार लावून घ्यायचं. गावातली माणसं बसली की तुम्ही माझी कानस त्यांच्या हातात द्यायचात. "पाहा, माह्या लेकाचा हात." मी आत भाकरी थापत ऐकायची. एकदा न राहवून म्हटलं, "बाबा, एखाद्याले तरी सांगा का ह्या म्या केल्या." तुम्ही म्हणालात, "नाव घेऊन काय करतं? खायले भेटते नं?"

त्यानंतर जी कानस गेली तिच्या कडेचे दोन दात मी घासले नाहीत. उंच ठेवले. हाताला लागत नव्हते एवढेच उंच. नागपूरला कोणा बड्या माणसाच्या गिटारचं काळं लाकूड त्या दातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरबाडलं, आणि भाऊ वळकटी घेऊन घरी आला. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

अक्षरं मी तुमच्यानंतर शिकले, भावाच्या मुलीबरोबर पाटी घेऊन. तुमच्या पेटीतली पत्रं तेव्हा वाचली. पहिल्याच वर्षाचं एक होतं. "कानशी आक्काच्या हातच्या आहेत, हे मी इथे मालकांस व मडमबाईंस सांगितले आहे. आक्कास पाठवून द्यावे असे दोघे म्हणतात. बायकांच्या बोर्डिंगात सोय होते. केव्हा पाठवता ते कळवावे." मी ते घेऊन भावापुढे गेले. तो म्हणाला, "म्या तीनदा लिहिलं, आक्के. तूच नाई म्हणतं, असं बाबानं मास्तरच्या हातून कळवलं."

मी कधी नाही म्हटलं, बाबा? मला कोणी विचारलं केव्हा? मी गेले असते. नेसत्या लुगड्यानिशी, पायी खामगाव गाठून आगगाडीत बसले असते. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाहीत. घरात बिनबोलता राबणारे दोन हात तुम्हाला सोडवले नाहीत, आणि त्याला तुम्ही माझी इच्छा म्हणालात.

भावाने त्या दिवशी मला आणखी एक विचारलं. "आक्के, ते शेवटची कानस तशी कशी काय निघाली?" खरं सांगून टाकायला दुसरी वेळ आली नसती. मी म्हटलं, "ते बाबानं केली होती. त्यायले दिसत नव्हतं नं." तो म्हणाला, "मले वाटलंच," आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

तो अजून आहे. संग्रामपूरला लेकीकडे असतो, दिवाळीला येतो, माझ्या पाया पडतो. हे सगळं खरं तर त्याला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.