बॅटरी उतरत नाही

सोमवार, ३ मार्च

मेला! पुन्हा बोलता बोलता मेला. धाकटा म्हणत होता, "दादा, मी एक ठरवलंय, पण आधी तू—" आणि पडदा काळा. सकाळी पूर्ण भरलेला फोन दुपारी रिकामा. फुटका माठ बरा, निदान गळताना दिसतो.

चार्जर लावून फोन जागा होईपर्यंत धाकट्याचं मशीन संपलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचं डायलिसिस असतं. त्याच्या गावच्या दवाखान्याच्या तळघरात. तिथे साधा फोन लागत नाही, म्हणून दवाखान्याच्या नेटवरून लावतो. मी उलट लावायचा नाही, असं ठरलेलं. एकदा लावला होता, तर सुई टोचलेल्याच हाताने उचलायला गेला. सुई निघाली, चादर लाल. नर्स म्हणाली म्हणे, "भाऊ आहे की वैरी?" तेव्हापासून बोट त्याचं, कान माझा.

एरवी हसायचा तरी. "दादा, तुझा फोन आणि माझी किडनी एकाच कारखान्यातली." आज हसला नाही.

काय ठरवलं असेल?

मंगळवार, ४ मार्च

मुलाने नवा फोन आणला. दुसऱ्या कंपनीचा. म्हणतो, "बाबा, दावणीला बांधल्यासारखे त्या चार्जरपाशी बसता, बघवत नाही." सूनबाईने सगळं भरून दिलं. नंबर तोच. धाकट्याचा फोटोसुद्धा तोच.

बटण उलट्या बाजूला आहे. आवाज वाढवायला गेलो, बंदच झाला.

बुधवार, ५ मार्च

आज दोन्ही फोन खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. जुन्यात कार्ड नाही, नुसताच चालू. दोन्ही सकाळी पूर्ण भरलेले. जेवणानंतर पाहिलं, तर जुना निम्म्यावर आणि नवा शहाण्णव! जन्मभर बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवली, पण असा जागचा न हलणारा काटा पाहिला नाही.

धाकट्याचा फोन आला नाही. नेट गेलं असेल.

गुरुवार, ६ मार्च

रात्रभर चार्जिंग नाही, तरी ब्याऐंशी. मुलाचा कामावरून फोन आला, व्यवस्थित वाजला. म्हणजे फोन चांगला आहे.

शुक्रवार, ७ मार्च

नाही आला. दुपारभर मांडीवर घेऊन बसलो. जुलाब लागलेल्या पोराला घेऊन बसावं तसा. लघवीलासुद्धा बरोबर नेला. सूनबाईने पाहिलं आणि तोंड फिरवून हसली. हसू दे.

रागावला असेल. सोमवारचं बोलणं मधेच तुटलं, त्याला वाटलं असेल मीच ठेवला. पण मला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. वडील गेले तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जाणारा, मी शाळा सोडून भट्टीवर. तेव्हापासून सगळं मला विचारून. आता पासष्टी उलटली, नातवंडं असती तर शाळेत गेली असती, तरी गेल्या वर्षी विचारलं, "दादा, मिशी काढू का?" म्हटलं, "काढ बाबा, तुझीच आहे." तरी दोन दिवस थांबला. दुसऱ्यांदा हो म्हटल्यावर काढली.

रविवार, ९ मार्च

सूनबाई म्हणाली, "बाबा, आज तर मशीन नाही, सुई नाही. तुम्हीच लावा ना काकांना."

म्हटलं, "घरी असला की बंद करून झोपतो तो. थकतो."

ते खरंच आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं इथे लिहितो, ते कुणाला सांगायचं नाही. मला त्याचं ते वाक्य पुरं ऐकायचं नाही. लावला, उचलला आणि त्याने पुरं केलं तर?

भट्टीवर नव्या पोरांना दम द्यायचो, काट्याकडे पाठ केली म्हणून वाफ कमी होत नाही रे! सांगायला काय जातं.

सोमवार, १० मार्च

नाही.

बुधवार, १२ मार्च

आज राहवलं नाही. जेवण झाल्यावर जिथून फोन घेतला त्या दुकानात गेलो. काउंटरवर चष्मा डोक्यावर ठेवलेली बाई. सांगितलं, बॅटरी संपतच नाही. ती म्हणाली, "आजोबा, लोक बॅटरी टिकत नाही म्हणून भांडायला येतात. तुम्ही टिकते म्हणून आलात?"

म्हटलं, "टिकते, पण भावाचा फोन येत नाही."

मग तिने हातात घेतला. म्हणाली, तुमची आधीची कंपनी सगळं जागं ठेवायची, म्हणून बॅटरी खायची. ही कंपनी कंजूष. तुम्ही स्वतः जे उघडत नाही ते ही झोपवून टाकते. नेटवरचे फोन मग वाजतच नाहीत. साधे तेवढे वाजतात.

मी कशाला उघडू? मी फक्त उचलतो.

तिने बोट लावलं आणि फोन हातात थरथरायला लागला. टिंग, टिंग, टिंग. थांबेचना. बुधवारचे, शुक्रवारचे, सोमवारचे, आजचे. सगळे धाकट्याचे. बाई हसायची थांबली. "कुणी आजारी आहे का हो?" काहीतरी दाबलं तिने. "आता जागं राहील. पण बॅटरी आधीसारखीच पळेल हं."

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून त्याचे निरोप कानाला लावले.

"दादा, उचल ना."

"रागावलास का? मी अजून काही बोललोसुद्धा नाही."

तिसरा मोठा. मागे मशीनची घरघर. "दादा, समोर बोलवत नाही, म्हणून असंच सांगतो. मला हे नको झालंय रे. हातात सुईला जागा उरली नाही. घरी जाऊन नुसता पडतो, उठलो की पुन्हा इथे. डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, थांबवलं तर फार दिवस नाहीत, पण तुमची मर्जी. मर्जी कसली माझी? तू हो म्हण, मग थांबवतो. तू म्हणेपर्यंत येत राहतो इथे."

शेवटचा आजचा. "दादा, आहेस ना?"

समोरून माणसं जात होती. एकाने विचारलं, आजोबा, बरं वाटत नाही का? म्हटलं, बूट चावतोय.

गुरुवार, १३ मार्च

हो म्हटलं, तर मीच मारला. नाही म्हटलं, तर दिवसाआड ती सुई मीच टोचणार. तिसरा शब्द भाषेत नाही.

ही असती तर म्हणाली असती, "तुम्ही आधी पाणी प्या." तेवढ्यानेही बरं वाटलं असतं.

मुलाला सांगावंसं वाटलं. तो आला, दमलेला, बूट काढता काढताच विचारलं, "काय बाबा, बॅटरी कशी आहे?" आज तिसऱ्या प्रहरीच निम्मी उतरली होती. म्हटलं, ठीक.

उद्या शुक्रवार. उद्या वाजणार.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. बाई कुलूप काढत होती. म्हटलं, "ते पुन्हा झोपवा."

"का हो आजोबा? भाऊ बोलले ना?"

"बॅटरी पुरत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेऊन पाहिलं. मग झोपवलं.

दुपारी वाजला नाही. तो तळघरात असणार. "तू म्हणेपर्यंत येत राहतो," म्हणाला ना? मग रक्त फिरत असेल. फिरू दे.

सोमवार, १७ मार्च

त्र्याण्णव. जेवताना मुलगा म्हणाला, "पाहिलंत? कंपनी बदलली आणि कटकट गेली." म्हटलं, "हो, फार चांगला फोन आहे." सूनबाई म्हणाली, "आणि काका? काय म्हणतात?" म्हटलं, "बरा आहे. येतो त्याचा फोन." माझा घास तोंडात फिरत राहिला.

तो तिथे उताणा पडला असेल, फोन कानाला लावून. इकडे खिडकीत हा गप्प. मी याच्याकडे बघतोय. जिवंत आहे तोवर जिवंत आहे. एवढाच हिशेब मला येतो.

बुधवार, १९ मार्च

दुपारी दार वाजलं. सूनबाईने उघडलं. "अगंबाई, काका!"

धाकटा. भिंतीला धरून उभा. पाय सुजलेले, चपला हातात. दोन गाड्या बदलून एकटा आला.

म्हणाला, "तुझा फोन लागत नाही, दादा. म्हटलं, समोरच विचारावं."

आज बुधवार.