वाशीतला कांद्याचा वाफा

आई, वाशीच्या घरामागे तू लावलेल्या कांद्याबद्दल लिहिते आहे. मी तेव्हा तिसरीत होते. बाबांना कारखान्यात नोकरी लागली म्हणून तू निफाडकडचं शेत सोडून आलीस आणि आल्या दिवसापासून तोंड फुगवून बसलीस. मागच्या अंगणात खाडीच्या भरावाची माती, तिच्यावर मिठाचा पांढरा थर. शेजारची आगरी काकी म्हणाली, "इथं मीठ पिकतं बाय, कांदा नाय." झालं, तू पेटलीस. बाबांना सांगितलंस, कांदा आला तर राहीन, नाहीतर पोरीला घेऊन माहेरी जाईन.

मग तुझा उत्साह काय सांगू! शिरवणे गावातून शेणखताच्या पाट्या डोक्यावरून आणल्यास, वाफा उंच केलास, बादल्या ओतून ओतून मीठ धुऊन काढलंस. मामा एसटीने रोप घेऊन आला. शाळा सुटली की मी दप्तरासकट वाफ्यावर. मला माहेरी जायचं नव्हतं गं. इथं माझ्या मैत्रिणी होत्या. पात माझ्या गुडघ्याला लागली तेव्हा मी आळीभर नाचून आले.

आणि उन्हाळा लागताच तू म्हणालीस, आता पाणी बंद. का, ते सांगितलं नाहीस. चार दिवसांत पातीच्या माना पडायला लागल्या. त्यातच तू ट्रंकेतले कपडे उन्हात घातलेस. मला वाटलं, तू हरलीस, निघालो आपण. रोज दुपारी तुझा डोळा लागला की मी तांब्या तांब्या पाणी घालायचे. वरची माती संध्याकाळपर्यंत सुकून जायची.

काढणीचा दिवस मला अजून दिसतो आहे. तू पहिला कांदा उपटतेस, लालबुंद, तुझ्या मुठीत न मावणारा. मी किंचाळते. काकी कुंपणावरून वाकून बघते. तू तिच्या ओटीत पाच कांदे घालतेस, मोठ्या ऐटीत, आणि बाबांकडे न बघता म्हणतेस, "पुढल्या साली दोन वाफे करू." बाबा नुसते हसत राहिले. मी तर त्या दिवशी जेवलेच नाही आनंदाने.

पंधरा दिवसांत टोपलीतले कांदे मऊ पडले, कोंब आले, वास सुटला. तू म्हणालीस, माती खारट, तिच्यात टिकाऊपणा नाही. माना पडल्या की कांदा तयार होतो आणि तेव्हा पाणी दिलं तर तो सडतो, हे मला पुढे मामाच्या शेतात कळलं. तोवर दोन वाफ्यांचे चार झाले होते, दर साली टिकाऊ कांदा निघत होता, आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगायचीस की या खारट मातीला सुधारायला तुला अख्खं एक साल लागलं. सांगताना तुझा चेहरा असा काही फुलायचा की माझ्याच्याने बोलवेना. आई, माती पहिल्या सालीही चांगलीच होती.