दोंडाईच्याला पोचलेला फळा

सुरत,
पौष महिना (म्हणजे तुमच्या मते कोणतंही शुभ बोलणं न करण्याचा)

तीर्थरूप कलाआत्यांच्या पायांवर डोकं ठेवून मनीषाचा नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल आहात असं तुमच्या शेजारणीकडून कळलं, कारण तुम्ही स्वतः काही कळू देत नाही. माझा फोन तुमच्याकडे वाजत राहतो आणि आपोआप बंद पडतो. मेसेज पाठवला तर दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे चष्मा लावून वाचलात, आणि पुढे सगळं शांत. गुडघ्याचं कसं आहे? मी पाठवलेला पट्टा बांधता, की तो अजून कपाटात घडी घालून ठेवलाय (चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, हा तुमचा नियम मला ठाऊक आहे)? इकडे थंडी नावालाच पडली, पण पोंक (आपला ज्वारीचा हुरडा) आला आहे, तो थोडा पाठवते. शेवेबरोबर खा. किरणचं शिरपूरला काहीतरी काम निघालं आहे, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे. फोन न उचलणं सोपं असतं, पण जावई दारात उभा राहून पत्र देतो आहे आणि तुम्ही तोंड फिरवलंत, असं तुमच्याच्याने व्हायचं नाही. आणि एक आधीच सांगते, या पत्रात मी तुमच्याकडे काहीही मागणार नाही. झालं ते जसं झालं तसं सांगायचं आहे, इतकंच. तुमच्याकडे ते दुसऱ्याच तोंडून आलं आणि वाटेत त्याला बरंच तिखटमीठ लागलं.

तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत असं पोचलं, की ‘मनीषाने कॉलेजात नको ते शिकवून बळीरामची पोर बिघडवली.’ दिवाळीनंतर तुम्ही बळीरामभाऊंच्या हर्षदाची सुपारी दोंडाईच्याच्या चेतनशी फोडलीत, मुलाचं बियाण्यांचं दुकान आहे, घर पक्कं आहे, आणि आता साखरपुडा झाल्यावर पोरगी नाही म्हणते. तुम्ही जमवलेलं लग्न आजवर एकही मोडलेलं नाही हे अख्खा तालुका जाणतो, आणि पहिलं मोडायला निघालं ते सख्ख्या भाचीच्या वर्गातून. तुमचा राग मला कळतो. पण माझा विषय काय आहे ते तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत, तर ते आज ऐका.

मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला व्यवसायाचं वित्त शिकवते. नावावरून पोरांना वाटतं की कोणता शेअर वर जाणार ते मॅडम सांगतील (आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही तसंच वाटतं, तो मला पाहून गेट जरा जास्तच जोरात उघडतो). खरं तर मी एवढंच शिकवते, की पैसा कुठून आणायचा, कशात घालायचा आणि केव्हा थांबायचं. पहिली दोन कामं सुरतेच्या पोरांना शिकवायची म्हणजे माझीच फजिती असते. कापड मार्केटातल्या दुकानदारांची पोरं आहेत ती, उधारी कशी ओढायची ते माझ्यापेक्षा बरं जाणतात. थांबणं मात्र कुणाला येत नाही. त्यासाठी आमच्या पुस्तकात एक प्रकरण आहे, इंग्रजीत त्याला ‘संक कॉस्ट’ म्हणतात, मी बुडालेला खर्च म्हणते. जो पैसा गेला आणि काही केलं तरी परत येणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना धरायचा नाही. फक्त पुढे काय येणार आणि पुढे काय जाणार एवढंच बघायचं.

हे वाचायला सरळ आहे, पण वर्गात युद्ध पेटलं. मी म्हटलं, समजा तुम्ही हायवेवर अनलिमिटेड काठियावाडी थाळीचे पैसे भरले, पोट गच्च भरलं, तरी आणखी एक रोटला घ्याल का? सगळा वर्ग एका सुरात हो म्हणाला. मी म्हटलं, रोटला घ्या नाहीतर घेऊ नका, पैसे गेलेच, आता प्रश्न फक्त पोटाचा आहे. त्यावर पहिल्या रांगेतला एक दुकानदाराचा मुलगा अगदी कळवळून म्हणाला, ‘पण मॅडम, पैसा तो वसूल करवाना ने!’ त्याला पटवता पटवता तास संपला. पुढच्या आठवड्यात मात्र ते सगळ्यांनाच एकदम पटलं आणि माझी झोप उडाली. एकाने स्पर्धा परीक्षेचा क्लास अर्ध्यात सोडला, त्याच्या आईने मला फोन करून माझं मूळ गाव कोणतं ते विचारलं. मागच्या बाकावरच्या तिघांनी ठरवलं की कॉलेजची फी बुडालेलीच आहे, मग लेक्चरला कशाला बसायचं. किरणने तर हट्टाने घेतलेल्या ट्रेडमिलवर कायमचे टॉवेल वाळत घातले, आणि मी तोंड उघडलं तेव्हा माझंच वाक्य मला ऐकवलं. विद्या अशी वाया जाताना पाहायची सवय मास्तरांना असते.

आता हर्षदा. ही पोरगी पहिल्या बाकावर बसते आणि प्रत्येक तासाला फळ्याचा फोटो काढते. मला तिचं इतकं कौतुक वाटायचं की स्टाफरूममध्ये मी तिच्या नावाने भाव खाल्ला, आणि तिचं उदाहरण देऊन बाकीच्यांना झापलं. मग एक दिवस मी वर्गात नुसती हजेरी घेत होते, फळा पुसलेला, कोरा, आणि तरी हिने फोन वर धरून फोटो काढला. मी म्हटलं, बाई, यातलं काय टिपून घेतलंस? तिने घाईने फोन दप्तरात टाकला. तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, त्यांना पाठवावा लागतो.’

आत्या, तुमचे चेतनराव साखरपुड्यापासून दिवसातून कितीदा तरी तिला विचारतात, कुठे आहेस, फोटो पाठव. बसमध्ये बसली की बसचा, वर्गात आली की फळ्याचा. उशीर झाला तर घरी फोन जातो. एकदा त्यांना शंका आली की फळा कालचा असेल, म्हणून तेव्हापासून फोटोत मॅडमही लागतात. म्हणजे माझी पाठ, माझी वेणी आणि खडूने पांढरा झालेला माझा पदर गेले दोन महिने रोज दोंडाईच्याला जातो आहे, आणि मला कुणी साधं विचारलंही नाही. (मी त्या दिवसापासून वर्गात सरळ उभी राहते.) तुम्ही म्हणाल, पोराला काळजी आहे. आत्या, काळजी असलेला माणूस विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. हा पुरावा मागतो. मला हे ऐकून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पण शपथेवर सांगते, मी तिला लग्न मोड म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्हाला तसं सांगितलं असतं, मी कुणाला भिते? तिने मला फक्त विषयातला प्रश्न विचारला. साखरपुड्याचं जेवण, हॉलचा ॲडव्हान्स, साड्या, हे सगळं बुडालेल्यात धरायचं का? आणि मी विषयातलं उत्तर दिलं, की जे परत मिळेल ते नाही, जे मिळणार नाही ते धर, आणि ठरवताना पुढचं बघ. तिने घरी जाऊन जेवताना हेच वाक्य, माझ्या नावासकट, बापासमोर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बळीरामभाऊ लूमच्या कारखान्यातून सुटून थेट कॉलेजात आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. ‘मॅडम, मनी पोरले तुम्ही काय शिकाडं?’ असं त्यांनी सगळ्या स्टाफरूमसमोर विचारलं. मी चहा मागवला आणि थाळीचं उदाहरण समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मी तर तो रोटला खाल्ला असता. त्यावर माझ्या दोन सहकाऱ्यांनी माना डोलावल्या.

म्हणून रविवारी मीच डिंडोलीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, आणि त्यातली एक लग्नाच्या सामानाने भरलेली. लोखंडी कपाट, कूलर, गाद्या, सगळं अजून प्लास्टिकमध्ये. घरातली माणसं कपाटाला वळसा घालून मोरीत जातात. मला बसायला कूलरचा खोका दिला आणि मी बसल्याबरोबर रंजनाताई, हर्षदाची आई, म्हणाल्या की सांभाळून, तो मुलाकडे द्यायचा आहे. मग मी अर्धी उभी राहूनच बोलले. फार चांगलं बोलले, वर्गात बोलते त्याहून चांगलं. बळीरामभाऊंनी सगळं मान्य केलं आणि मग एकच विचारलं, ‘पैसा गया ते गया. पन सबद दिन्हा शे, त्यानं काय?’ आत्या, आमच्या पुस्तकात शब्दाचं प्रकरण नाही. उत्तर हर्षदानेच दिलं, तेही कपाटाच्या आडून, ‘सबद तुम्ही दिन्हा. माले कोनी इचारं?’

तेव्हा रंजनाताईंनी हात पुसले आणि तिचा फोन मागितला. त्या आणि बळीरामभाऊ शेजारी बसून एकेक फोटो सरकवत गेले. फळा. बस स्टॉप. भाजीवालीची गाडी. भाकरी थापणाऱ्या रंजनाताई, पाठमोऱ्या, कारण त्या दिवशी घरी आहे हे दाखवायचं होतं. आणि मग बळीरामभाऊ स्वतः. रात्रपाळी करून दुपारी झोपलेले, अंगात बनियन, तोंड उघडं, आणि फोटो असा धरलेला की वरचं भिंतीवरचं घड्याळ नीट दिसावं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. ‘मना बी?’ म्हणाले. ‘मी ते झोपेल व्हतू.’ मग उठले आणि खुंटीवरचा शर्ट काढून घातला, स्वतःच्या घरात, बटणं लावून. मला रडू आलं, आणि मी चहा सांडल्याचं निमित्त केलं.

घरी येताना रिक्षात मी विचार करत होते. इतकी वर्षं मी हे प्रकरण शिकवते आणि मला वाटायचं की त्याने माणसाला निर्णय घेता येतो. तसं काही नसतं. ते फार तर वाटेतलं कपाट आणि कूलर बाजूला सरकवतं, म्हणजे मागे उभी असलेली पोरगी दिसायला लागते. तिच्याकडे बघायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. बळीरामभाऊंनी बघितलं. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, कारण तिकडे त्यांच्याबद्दलही बोललं जात असेल की पोरीच्या तालावर नाचतो. तो भला माणूस आहे आणि त्याला फार लागलं आहे.

असो. लिहायला बसले की मला थांबायला तासाची घंटा लागते. गुडघ्याला पट्टा बांधा, तो शोभेचा नाही. घरातल्या मोठ्यांना नमस्कार आणि लहानांचे माझ्यातर्फे गाल ओढा.

तुमची भाची (बिघडलेली, आणि तुमच्या मते बिघडवणारीही),
मनीषा

ता. क. : किरणचं शिरपूरला काहीही काम नाही. त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात रुमालात बांधलेली चेतनची अंगठी आहे. बळीरामभाऊंनी ती माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाले, शब्द कलाबाईंच्या हातून दिला, परत घेतील तर त्याच घेतील, दुसऱ्याचं दोंडाईच्याला कोण ऐकणार? तेव्हा काही मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडल्याचं समजा. तुम्ही एकदा जाऊन या. किरण तुम्हाला गाडीने नेईल आणि आणेल. त्याला आधी जेवायला वाढा, सकाळपासून उपाशी आहे आणि तुम्हाला घाबरतो.

आणखी एक ता. क. : मागच्या आठवड्यात चाचणी झाली. बुडालेल्या खर्चावर एक प्रश्न होता, जुनं यंत्र ठेवायचं की नवीन घ्यायचं. हर्षदाने जुन्या यंत्राच्या दुरुस्तीवर गेलेला सगळा पैसा हिशोबात धरला आणि जुनंच यंत्र ठेवलं. मी तिला शून्य दिलं. तेव्हा ‘मनीषाने शिकवून बिघडवली’ असं कुणी म्हटलं, तर तिला माझा विषय येतच नाही, हा पुरावा माझ्याकडे आहे.

शेवटचं : एकदा तुमच्याकडे पापड लाटताना तुम्हीच मला सांगितलं होतं. हळद लागलेली असताना तुम्ही आजोबांजवळ गेलात आणि म्हणालात, मला हे स्थळ नको. आजोबा म्हणाले, बुंदीची कढई चुलीवर चढली आहे, आता काय बोलतेस. हे सांगताना तुम्ही हसत होतात, म्हणून मीही हसले होते. परवापासून मला ते हसू येईनासं झालं आहे. ती बुंदी गावाने दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवली असेल, आत्या. तुम्ही मात्र तो संसार जन्मभर केलात.